यंत्र हलतं, पत्ता तोच

"कॉलेजात सर्व्हर तीनच आहेत म्हणे, पण त्यांच्यावर साठ कॉम्प्युटर चालतात. त्यातला एखादा रात्रीतून दुसऱ्या इमारतीत नेतात, तरी सकाळी कोणाला काही कळत नाही. हे कसं काय?"

जबलपूरमध्ये हा प्रश्न सहज कानावर पडतो. १९४७ साली सुरू झालेलं सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज, २००५ साली सुरू झालेली डुमना भागातली आयआयआयटी, रिज रोडवरची दूरसंचार प्रशिक्षण संस्था अशा जागा शहरात असल्यामुळे संगणक शिकणारं एखादं पोर जवळपास प्रत्येक गल्लीत सापडतं. ते घरी येऊन 'व्हीएम', 'ओव्हरले' असे शब्द बोलतं आणि ऐकणाऱ्यांना वाटतं, हे आपल्यासाठी नाही. खरं तर यातली मूळ कल्पना कोणालाही समजेल अशी आहे. एका यंत्रात अनेक यंत्रं कशी मावतात, हा प्रश्नाचा पहिला भाग. तो आपण पटकन संपवू. यंत्र हलूनही त्याचा पत्ता कसा टिकतो, हा दुसरा भाग, आणि खरी मेख तिथंच आहे.

१. एका पेटीत वीस यंत्रं

आजच्या मध्यम दर्जाच्या सर्व्हरमध्ये प्रोसेसरचे बत्तीस कोअर आणि २५६ जीबी मेमरी असणं नवलाचं नाही. एकाच कामाला लावला तर हा सर्व्हर दिवसाचा बहुतेक वेळ रिकामा बसतो. म्हणून त्यावर हायपरव्हायजर नावाचं सॉफ्टवेअर बसवतात. ते मेमरी, प्रोसेसर आणि डिस्क यांचे वाटे करतं आणि प्रत्येक वाट्यात एक वेगळा संगणक चालू करतं. हा झाला व्हर्च्युअल मशीन, म्हणजेच व्हीएम. आपल्या शेजारी आणखी एकोणीस व्हीएम चालू आहेत, याचा त्याला पत्ताही नसतो.

अशा व्हीएमची डिस्क म्हणजे प्रत्यक्षात एक मोठी फाइल असते. फाइल दुसऱ्या सर्व्हरवर नेली की यंत्र तिकडं गेलं. २००३ साली व्हीएमवेअर कंपनीने याच्याही पुढचं पाऊल टाकलं आणि चालू असलेला व्हीएम बंद न करता हलवायची सोय बाजारात आणली. व्हीएमचं काम सुरू असतानाच त्याची मेमरी दुसऱ्या सर्व्हरवर उतरवली जाते, शेवटी क्षणभर तो थांबवतात आणि उरलेलं काम नव्या जागी सुरू होतं. सर्व्हरचा पंखा बदलायचा असो की मेमरी वाढवायची असो, काम थांबवण्याची गरज उरली नाही.

पण यंत्र हलवणं सोपं झालं आणि अडचण नेटवर्कमध्ये निघाली.

२. पत्ता जागेला चिकटलेला असतो

हिशेब करायला सोपं जावं म्हणून एक काल्पनिक कॉलेज घेऊ. त्याची जुनी इमारत राइट टाउनमध्ये आहे, तिथं दोन सर्व्हर. नवी इमारत विजयनगरला, तिथं तिसरा. दोन्ही इमारती एका सेवा कंपनीच्या भाड्याच्या लाइनने जोडलेल्या आहेत.

राइट टाउनमधल्या सगळ्या यंत्रांचे आयपी पत्ते १७२.१६.१ ने सुरू होतात, विजयनगरच्या यंत्रांचे १७२.१६.२ ने. दोन इमारतींमधला राउटर पहिले तीन आकडेच वाचतो आणि त्यावरून पॅकेट, म्हणजे माहितीचा एकेक तुकडा, कोणत्या इमारतीकडं धाडायचं ते ठरवतो. शेवटचा आकडा इमारतीच्या आत यंत्र शोधायला लागतो. म्हणजे आयपी पत्त्यात 'हा कोण' आणि 'हा कुठं' या दोन्ही गोष्टी एकत्र बांधलेल्या आहेत. टेबलावरचा कॉम्प्युटर वर्षानुवर्षं जागचा हलत नसे, तोवर हे ठीक होतं.

आता परीक्षा विभागाचा व्हीएम घ्या. त्याचा पत्ता १७२.१६.१.१५. तो विजयनगरच्या सर्व्हरवर नेला. यंत्र तिकडं नीट चालू झालं, पण त्याच्या नावाचं प्रत्येक पॅकेट राउटर अजून राइट टाउनलाच पाठवतो आणि तिथं ते घ्यायला कोणी नाही. पत्ता बदलून टाकावा म्हटलं, तर निकालाच्या सॉफ्टवेअरमध्ये, फायरवॉलच्या नियमांमध्ये, प्रिंटरमध्ये, बॅकअपच्या यादीत जिथं जिथं जुना पत्ता लिहिलेला आहे तिथं तिथं तो बदलावा लागेल. शिवाय त्या क्षणी जेवढी माणसं त्या यंत्राशी जोडलेली होती, त्या सगळ्यांच्या जोडण्या तुटतील, कारण चालू जोडणी पत्त्यावरच उभी असते. मग चालू यंत्र न थांबवता हलवण्याचा उपयोग काय राहिला?

३. पहिला इलाज: व्हीलॅन

यावरचा जुना उपाय व्हीलॅन. १९९८ साली त्याचं प्रमाण ठरलं. एकाच स्विचमधून अनेक वेगवेगळी नेटवर्कं जावीत म्हणून प्रत्येक पॅकेटवर नेटवर्कचा क्रमांक लिहितात. तोच क्रमांक दोन्ही इमारतींत चालवला, की यंत्र हलूनही पत्ता टिकायला हवा. या क्रमांकाला १२ बिट दिले, म्हणून ४,०९६ क्रमांक झाले. पहिला आणि शेवटचा राखीव, उरले ४,०९४.

आपल्या कॉलेजला चार-पाच पुरेत, मग अडलं कुठं? हजारो ग्राहकांना व्हीएम भाड्याने देणाऱ्या क्लाउड कंपन्यांना चार हजार क्रमांक पुरत नाहीत, हे खरं. पण लहान संस्थेचं दुखणं निराळं असतं. व्हीलॅन जिथून जिथून जाणार त्या वाटेवरच्या प्रत्येक स्विचवर तो उघडावा लागतो. नवं नेटवर्क हवं म्हटलं की सहा स्विच गाठा, आणि त्यातला एक विसरला की शोधत बसा. स्विचला प्रत्येक व्हीएमचा मॅक पत्ता, म्हणजे नेटवर्क कार्डाचा स्वतःचा क्रमांक, लक्षात ठेवावा लागतो आणि व्हीएम वाढले की लहान स्विचची वही भरते. पॅकेटं गोल गोल फिरत राहू नयेत म्हणून दुहेरी केबलांपैकी एक बंद ठेवावी लागते, म्हणजे पैसे दोन केबलांचे आणि काम एकीचं. आणि भाड्याची लाइन देणारी कंपनी बहुतेकदा फक्त आयपी पॅकेटं वाहून नेते, तुमचे व्हीलॅन नेत नाही. राइट टाउनचा व्हीलॅन राइट टाउनमध्येच संपतो.

४. डाकेची थैली

इथं जबलपूरच्याच इतिहासातली एक गोष्ट मदतीला येते. अलाहाबादकडून ईस्ट इंडियन रेल्वे १८६७ साली जबलपूरला पोचली होती. मुंबईकडून येणारी ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे १८७० साली येऊन तिला मिळाली आणि मुंबई–कलकत्ता लोहमार्ग जबलपूरमार्गे पूर्ण झाला. रेल्वेच्या डाकेत सुटी पत्रं प्रत्येक स्टेशनावर चाळत बसत नाहीत. एका ठिकाणची पत्रं थैलीत भरतात, थैलीवर पोचायच्या ठिकाणाचं लेबल लावतात, तोंड बांधतात. वाटेतला प्रत्येक कर्मचारी फक्त लेबल वाचतो. आत कोणाचं पत्र आहे, पत्ता कोणत्या गल्लीचा आहे, याच्याशी त्याला कर्तव्य नसतं. थैली उघडते ती शेवटच्या ठिकाणी.

ओव्हरले नेटवर्क नेमकं हेच करतं. परीक्षा विभागाच्या व्हीएमने पाठवलेलं पॅकेट म्हणजे पत्र. ते सर्व्हरच्या बाहेर पडायच्या आत सर्व्हरमधलं सॉफ्टवेअर त्याला दुसऱ्या पॅकेटात घालतं. ही थैली. थैलीवर पत्ता असतो तो पलीकडच्या सर्व्हरचा, व्हीएमचा नव्हे. मधले स्विच, राउटर, भाड्याची लाइन यांना फक्त सर्व्हरांमध्ये चाललेली साधी आयपी ये-जा दिसते. पलीकडचा सर्व्हर थैली उघडतो आणि आतलं पत्र जसंच्या तसं आपल्या व्हीएमला देतो. दोन्ही व्हीएमना वाटतं, आपण एकाच स्विचला जोडलेलो आहोत.

खालच्या खऱ्या केबलांच्या नेटवर्कला अंडरले म्हणतात, थैल्यांमधून चालणाऱ्या नेटवर्कला ओव्हरले. थैली बांधणारं आणि सोडणारं जे टोक प्रत्येक सर्व्हरवर असतं, त्याला व्हीटेप म्हणतात.

थैली बांधायची सर्वांत रूढ रीत म्हणजे व्हीएक्सलॅन. २०११ साली तिचा प्रस्ताव मांडला गेला. इंटरनेटचे नियम ज्या क्रमांकित दस्तऐवजांत प्रसिद्ध होतात, त्यांतल्या आरएफसी ७३४८ मध्ये ती ऑगस्ट २०१४ मध्ये आली. त्या दस्तऐवजाच्या लेखकांत मल्लिक महालिंगम, दिनेश दत्त, पुनीत अग्रवाल, टी. श्रीधर ही नावं आहेत. व्हीएमवेअर, सिस्को, अरिस्टा, ब्रॉडकॉम, रेड हॅट अशा एरवी एकमेकींशी स्पर्धा करणाऱ्या कंपन्यांची माणसं यासाठी एकत्र बसली, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. त्यामुळेच आज एका कंपनीचा स्विच आणि दुसरीचा सर्व्हर एकमेकांच्या थैल्या उघडू शकतात. लिनक्सच्या गाभ्यात तर ही सोय डिसेंबर २०१२ पासूनच आहे, म्हणजे तिच्यासाठी वेगळा परवाना विकत घ्यावा लागत नाही.

व्हीएक्सलॅनच्या थैलीवर नेटवर्कचा क्रमांकही असतो. त्याला २४ बिट दिले आहेत, त्यामुळे १,६७,७७,२१६ वेगवेगळी नेटवर्कं होऊ शकतात. परीक्षा विभागाचा क्रमांक असलेली थैली विद्यार्थ्यांच्या नेटवर्कमध्ये कधीच उघडत नाही.

जिनीव्ह नावाची नवी रीतही आहे, आरएफसी ८९२६, नोव्हेंबर २०२०. तिच्या थैलीवर गरजेप्रमाणे जादा माहितीही लिहिता येते. तत्त्व तेच.

५. लेबल कोणतं लावायचं हे कळतं कसं?

परीक्षा विभागाच्या व्हीएमला ग्रंथालयाच्या व्हीएमशी बोलायचं आहे. तो सध्या तीनपैकी कोणत्या सर्व्हरवर आहे, हे व्हीटेपला कुठून कळणार? ओव्हरलेचा खरा मेंदू या प्रश्नात आहे.

सर्वांत सोपी पद्धत म्हणजे सगळ्यांना विचारणं. प्रत्येक सर्व्हरकडं बाकीच्या सर्व्हरांची यादी असते. अनोळखी पत्ता आला की चौकशीची एकेक प्रत सगळ्यांकडं जाते. ज्याच्याकडं तो व्हीएम असेल तो उत्तर देतो, आणि ते उत्तर कुठून आलं हे विचारणारा टिपून ठेवतो. आपल्या कॉलेजात प्रत्येक सर्व्हरला दोनच सोबती, म्हणून हे उत्तम चालतं. पण ४० सर्व्हर असतील तर प्रत्येक चौकशीच्या ३९ प्रती निघतात आणि सर्व्हरांच्या जोड्या होतात ७८०. एवढ्या याद्या हाताने सांभाळणं कोणाला जमायचं नाही.

तिथं दुसरी पद्धत वापरतात. कोणता व्हीएम कुठं आहे हे प्रत्येक सर्व्हर आपण होऊन जाहीर करतो, आणि ही माहिती इंटरनेटवरचे मोठे राउटर ज्या भाषेत एकमेकांशी बोलतात त्याच बीजीपी भाषेत सगळीकडं पोचते. या पद्धतीला ईव्हीपीएन म्हणतात. तिसरी पद्धत मध्यवर्ती नियंत्रकाची. तोच सगळी वही ठेवतो आणि प्रत्येक सर्व्हरला हवी ती नोंद पुरवतो. या कल्पनेला बाजारात केवढी किंमत होती ते २०१२ साली दिसलं. मार्टिन कसाडो, निक मॅककिओन आणि स्कॉट शेंकर यांनी २००७ साली काढलेली निसिरा ही छोटी कंपनी व्हीएमवेअरने १.२६ अब्ज डॉलरना घेतली.

दहा सर्व्हरांच्या आत असाल तर साध्या यादीनेच सुरुवात करावी, असं माझं मत आहे. बिघडल्यावर ती डोळ्यांनी वाचून दुरुस्त करता येते.

६. पन्नास बाइटांचा हिशेब

ओव्हरले उभारणाऱ्यांना सर्वांत जास्त रडवणारी गोष्ट ही, म्हणून इथं थोडं थांबू.

नेटवर्कमधून एका वेळी जाऊ शकणाऱ्या पॅकेटाला कमाल माप असतं. त्याला एमटीयू म्हणतात, आणि साधारणपणे ते १,५०० बाइट असतं. थैलीला स्वतःचंही वजन असतं. आतल्या पॅकेटाचं इथरनेट शीर्षक १४ बाइट, व्हीएक्सलॅनचं ८, यूडीपीचं ८ आणि बाहेरच्या आयपी पत्त्यांचं २०. बेरीज ५०. व्हीएमने १,५०० बाइटांचं भरलेलं पॅकेट दिलं तर थैली १,५५० ची होते, आणि १,५०० ची लाइन ती घेत नाही.

यातून दिसणारी लक्षणं फसवी असतात. पिंग, म्हणजे पलीकडचं यंत्र उत्तर देतं का हे पाहणारं पॅकेट, चालतं, कारण ते लहान असतं. लॉगिनचं पान उघडतं. मग कोणी निकालाची मोठी फाइल चढवायला जातो आणि पट्टी अर्ध्यावर अडकून राहते. ना त्रुटीचा संदेश, ना काही. माणसं सॉफ्टवेअरला दोष देतात, डेटाबेस तपासतात, सर्व्हर बंद-चालू करतात, आणि दुखणं पन्नास बाइटांचं असतं. व्हीएक्सलॅनच्या नियमानुसार व्हीटेपने थैलीचे तुकडे करायचे नाहीत. वाटेतल्या एखाद्या राउटरने केलेच, तर पलीकडचा व्हीटेप ते चक्क टाकून देऊ शकतो.

उपाय दोन. खालची वाट रुंद करा, म्हणजे स्विच आणि सर्व्हरांची नेटवर्क कार्डं १,६०० किंवा थेट ९,००० वर न्या. व्हीएमवेअरची एनएसएक्स ही प्रणाली तर अंडरलेसाठी किमान १,६०० मागतेच. किंवा व्हीएमना सांगा की १,४५० च्या वर पॅकेट भरू नका. स्वतःच्या आवारात, स्वतःच्या स्विचवर पहिला उपाय चांगला. आपल्या कॉलेजात मात्र मधे भाड्याची लाइन आहे. तिचा एमटीयू किती, हे कंपनीकडून लेखी घ्यावं. उत्तर १,५०० आलं तर दुसरा उपाय धरावा. प्रत्येक व्हीएममध्ये हाताने आकडा भरायचीही गरज नाही. पत्ते वाटणारा डीएचसीपी सर्व्हर पर्याय क्रमांक २६ मधून एमटीयूही सांगू शकतो.

थैली आणखी एका कुलूपबंद पेटीत घालायची असेल, म्हणजे दोन इमारतींमध्ये वायरगार्डने सांकेतिक केलेला मार्ग ठेवायचा असेल, तर हिशेब पुढं चालू राहतो. वायरगार्डचा नेहमीचा एमटीयू १,४२०. त्यातून ५० वजा केले की व्हीएमसाठी १,३७० उरतात.

७. आधी कागदावर

माझ्या मते ओव्हरलेचं निम्म्याहून जास्त काम कागदावरच संपलं पाहिजे. सॉफ्टवेअरमध्ये चार खिडक्या भरणं हा शेवटचा तासाभराचा भाग आहे.

आधी नेटवर्कं किती, ते ठरवा. आपल्या कॉलेजात चार: विद्यार्थी प्रयोगशाळा, परीक्षा, ग्रंथालय, लेखा. त्यांना क्रमांक द्या १००१०, १००२०, १००३०, १००४०, आणि पत्ते १०.१०.१०, १०.१०.२०, १०.१०.३०, १०.१०.४० ने सुरू होणारे. क्रमांकाचे शेवटचे दोन आकडे आणि पत्त्याचा तिसरा आकडा मुद्दाम जुळवले आहेत. रात्री अकरा वाजता बिघाड शोधणाऱ्याला १००२० दिसताक्षणी कळावं, ही परीक्षा विभागाची थैली. परीक्षा विभागाचा व्हीएम आता १०.१०.२०.१५ होईल. पत्ता बदलायची ही त्याची शेवटची वेळ.

घरोघरच्या वाय-फाय राउटरमध्ये १९२.१६८.० किंवा १९२.१६८.१ ने सुरू होणारे पत्ते असतात. कॉलेजात तेच ठेवले, तर घरून व्हीपीएनने काम करणाऱ्या प्राध्यापकांचा कॉम्प्युटर गोंधळतो: हा पत्ता घरातला की कॉलेजातला? म्हणून ते पत्ते टाळावेत.

मग सर्व्हरांचे स्वतःचे, म्हणजे थैलीच्या लेबलावरचे पत्ते. राइट टाउनमध्ये १७२.१६.१.११ आणि १७२.१६.१.१२, विजयनगरला १७२.१६.२.११. हे दोन वेगळ्या इमारतींचे वेगळे पत्ते असले तरी बिघडत नाही. त्यांच्यामध्ये राउटर चालतो, हाच तर ओव्हरलेचा फायदा.

पुढं लाइनची क्षमता. १६ जीबी मेमरीचा व्हीएम हलवायचा म्हणजे १२८ गिगाबिट न्यायचे. सेकंदाला एक गिगाबिटची लाइन पूर्ण मोकळी असली तरी १२८ सेकंद लागतात, दहा गिगाबिटची असेल तर १३. आणि डिस्क दोन्ही इमारतींना सामाईक नसेल तर तीही न्यावी लागेल: १०० जीबीच्या डिस्कला एक गिगाबिटवर ८०० सेकंद, म्हणजे सव्वातेरा मिनिटांच्या वर. पत्ता टिकवायचं काम ओव्हरले करतं, डिस्क वाहायचं काम लाइनलाच करावं लागतं.

शेवटी गेटवे. ओव्हरलेमधून इंटरनेटकडं किंवा एका नेटवर्कमधून दुसऱ्यात जाताना पॅकेट गेटवेमधूनच जाणार. गेटवे एकच, आणि तो राइट टाउनमध्ये असेल, तर विजयनगरच्या एकाच सर्व्हरवरच्या परीक्षा आणि ग्रंथालय या दोन व्हीएमचं बोलणंही राइट टाउनला जाऊन परत येईल. दोन पावलांवरच्या कामाला शहरभर फेरा. रहदारी थोडी असेल तर चालेल, वाढली तर प्रत्येक सर्व्हरवर तोच पत्ता धारण करणारा गेटवे ठेवतात. त्यासाठी ईव्हीपीएन किंवा नियंत्रक लागतो.

८. आता प्रत्यक्ष मांडणी

उदाहरणासाठी प्रॉक्समॉक्स हे व्हीएम चालवणारं सॉफ्टवेअर घेऊ. ते मुक्तस्रोत आहे, आणि नोव्हेंबर २०२३ मधल्या ८.१ आवृत्तीपासून ओव्हरलेची सोय त्यात मुळातूनच बसवून येते.

डेटासेंटरच्या एसडीएन विभागात आधी एक झोन करायचा, प्रकार व्हीएक्सलॅन. तिथं तिन्ही सर्व्हरांचे पत्ते यादीत भरायचे आणि एमटीयू १,४५० लिहायचा. मग चार व्हीनेट, म्हणजे आपली चार नेटवर्कं, करायचे आणि प्रत्येकाला टॅगच्या जागी आपण ठरवलेला क्रमांक द्यायचा. व्हीनेटचं नाव आठ अक्षरांच्या आत बसवावं लागतं. 'लागू करा' म्हटल्याशिवाय यातलं काहीही सर्व्हरांपर्यंत पोचत नाही, आणि नवशिके इथं हमखास अडतात. त्यानंतर प्रत्येक व्हीएमच्या नेटवर्क कार्डाला आपापला व्हीनेट निवडून द्यायचा. साध्या व्हीएक्सलॅन झोनमध्ये गेटवे आपोआप मिळत नाही. त्यासाठी राउटरचं काम करणारा एक व्हीएम किंवा खरा राउटर चारही नेटवर्कांना जोडावा लागतो.

मोठ्या ठिकाणी हेच काम ओपनस्टॅक किंवा एनएसएक्स करतं. खिडक्या वेगळ्या, भरायचे आकडे तेच: सर्व्हरांचे पत्ते, नेटवर्कचे क्रमांक, एमटीयू, गेटवे.

चाचणी खालून वर करत न्यायची. आधी सर्व्हर ते सर्व्हर, तुकडे करायला मनाई करून, १,४७२ बाइटांचं पिंग. शीर्षकांचे २८ मिळवले की १,५०० भरतात. हे गेलं नाही तर वरचं काहीही तपासण्यात अर्थ नाही. मग व्हीएम ते व्हीएम १,४२२ बाइटांचं. ते गेलं पाहिजे, आणि १,४२३ अडलं पाहिजे. मग एका व्हीएमकडं सतत पिंग चालू ठेवून तो राइट टाउनहून विजयनगरला हलवायचा. नव्या जागी उतरताच सर्व्हर त्याच्या वतीने पुकारा करतो की हा मॅक पत्ता आता माझ्याकडं आहे, आणि बाकीचे आपल्या वहीतली नोंद बदलतात. एखाद-दुसरं पिंग हरवलं तर ठीक. दहा-वीस हरवत असतील तर यादीत एखादा सर्व्हर राहून गेला आहे का, ते पाहायचं.

काहीच जात नसेल तर पोर्ट पाहा. व्हीएक्सलॅनसाठी यूडीपी ४७८९ हा ठरलेला पोर्ट आहे. पण प्रमाण पक्कं व्हायच्या आधी लिनक्सने ८४७२ धरला होता आणि काही ठिकाणी अजून तोच मिळतो. एका टोकाला एक, दुसऱ्याला दुसरा असेल तर थैल्या पोचतात, पण कोणी उघडत नाही.

९. बांधलेली थैली, कुलूप नाही

व्हीएक्सलॅन नेटवर्कं वेगळी ठेवतं, पण मजकूर लपवत नाही. ज्याला अंडरलेच्या केबलवर बसता आलं, तो थैली सोडून आतलं वाचू शकतो. एवढंच नाही, तर खोटा क्रमांक घातलेली थैली आतही टाकू शकतो. १००२० हा नुसता क्रमांक आहे, पासवर्ड नव्हे. म्हणून सर्व्हरांचे अंडरले पत्ते विद्यार्थ्यांच्या वाय-फायपासून पूर्ण वेगळे ठेवावेत, पोर्ट ४७८९ फक्त यादीतल्या सर्व्हरांमध्येच उघडा ठेवावा आणि भाड्याच्या लाइनवर वायरगार्ड किंवा आयपीसेक लावावं. ते लावलं की एमटीयू आणि चाचणीचे आकडे सहाव्या भागातल्या हिशेबाप्रमाणे खाली आणावेत. प्रश्नपत्रिका या वाटेने जाणार असतील तर या काळजीत सवलत नाही.

१०. इंदूर–ग्वाल्हेरपर्यंत ताणावं का?

राइट टाउन ते विजयनगर जमलं की पुढचा मोह होतो शहरांचा. मध्य प्रदेश उच्च न्यायालयाचं मुख्य पीठ जबलपूरला आणि खंडपीठं इंदूर आणि ग्वाल्हेरला आहेत. फक्त अंतरांसाठी हा नकाशा घेऊ. जबलपूर ते इंदूर सरळ रेषेत सुमारे ४२० किलोमीटर. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे जाऊन-येऊन किमान ४.२ मिलिसेकंद. केबल कधीच सरळ रेषेत नसते, त्यामुळे प्रत्यक्षात जास्तच. एका विनंतीला हे जाणवत नाही. पण एक पान तयार करायला डेटाबेसला एकामागून एक दोनशे प्रश्न विचारणारं सॉफ्टवेअर इंदुरात आणि डेटाबेस जबलपुरात असेल, तर नुसत्या ये-जा करण्यात ८४० मिलिसेकंद जातात.

याहून मोठा धोका केबल तुटण्याचा. रस्त्याच्या खोदकामात ती तुटली की एकच नेटवर्क दोन तुकड्यांत विभागलं जातं, दोन्ही तुकडे समजतात की पलीकडचा मेला, आणि दोन्हीकडं तोच व्हीएम त्याच पत्त्याने चालू होऊ शकतो. दोन डेटाबेस दोन वेगळे निकाल लिहू लागले की ते पुन्हा एक करणं फार यातनामय असतं.

म्हणून शहराशहरांत पत्ते वेगळे ठेवावेत आणि मधे साधं राउटिंग असावं. एकाच तंतूवर अनेक संस्थांची बंदिस्त नेटवर्कं चालवण्याचं काम आपल्याकडं आधीच होतं. मार्च २०१० मध्ये ५,९९० कोटी रुपयांची मंजुरी मिळालेलं राष्ट्रीय ज्ञान नेटवर्क विद्यापीठांना आणि संशोधन संस्थांना अशी बंद गटांची सोय देतं. तिथली लेबलं लावायची रीत व्हीएक्सलॅनहून जुनी, एमपीएलएसची आहे. अशा वाटेवरून दुसऱ्या शहरातल्या व्हीएमकडं डेटाबेसची प्रत सतत पाठवत राहावी, पण त्या व्हीएमला स्वतःचा वेगळा पत्ता द्यावा. जबलपूर बंद पडलं तर माणसाने निर्णय घेऊन डीएनएसमधलं, म्हणजे नावावरून पत्ता सांगणाऱ्या यादीतलं, नाव नव्या पत्त्याकडं वळवावं. डीएनएसची नोंद किती वेळ लक्षात ठेवायची हा आकडा अनेक ठिकाणी ८६,४०० सेकंद, म्हणजे पूर्ण दिवस असतो. निकालाच्या आदल्या आठवड्यात तो ३०० वर आणून ठेवावा, म्हणजे वळवलेलं नाव पाच मिनिटांत बहुतेक सगळ्यांपर्यंत पोचतं.